‘हे कोणाच्या बाळाचं, सिस्टर?’

सिस्टर काकू, नमस्कार.

माझी मुलगी आठव्या महिन्यातच झाली. वजन १ किलो ९०० ग्रॅम. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला बारा दिवस पेटीत ठेवलं होतं. नवव्या दिवशी रात्री मी दूध पाजायला आत गेले तेव्हा एक सिस्टर सुई घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘वनिताचं बाळ ना?’ मी हो म्हणाले. मग आठवलं, सकाळी डॉक्टर म्हणाले होते की आमच्या सुया बंद. भीतभीत तसं बोलले. सिस्टरनं हातातला कागद पाहिला आणि काही न बोलता पलीकडच्या पेटीकडे गेल्या. तिकडच्या बाळाच्या आईचं नावही वनिताच होतं. बाहेर येऊन सांगितलं तर सासूबाई माझ्यावरच रागावल्या. ‘त्यायले विचारत जाऊ नोको, चिडले तर लेकराकडे पाह्यत नाहीत.’

आता मुलगी साडेतीन महिन्यांची आहे, वजन साडेचार किलो. गेल्या आठवड्यात लस दिली. नर्सबाई म्हणाल्या, ताप आला तर तापाचं औषध अडीच मिली द्या. ह्यांनी गावातल्या मेडिकलमधून जी बाटली आणली ती छोटी, ड्रॉपरची. ड्रॉपरवर रेघा एकच मिलीपर्यंत. मेडिकलवाल्याला फोन केला तर म्हणाला, अडीच ड्रॉपर द्या. मला पटलं नाही. आशाताईला विचारलं, तिनं थांबवलं. आता घरात सगळे म्हणतात, हिला लय शंका. काकू, मी खरंच चुकते का? आणि विचारायचंच असेल तर कोणाला न दुखावता कसं विचारायचं?

– वनिता (नाव बदललं आहे), दारव्हा तालुका

वनिता पोरी,

आधी उठ आणि ती ड्रॉपरची बाटली हातात घे. बाकीचं मग बोलू.

लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल: पॅरासिटामॉल, १ मिलीमध्ये १०० मिलिग्राम. आता हिशोब कर. या औषधाचं माप लेकराच्या वजनावर असतं, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्राम. तुझी पोर साडेचार किलोची, म्हणजे तिला एका वेळी ४५ ते ६७ मिलिग्राम लागतात. नर्सबाईच्या डोळ्यापुढे होती मोठी बाटली, पातळ औषधाची, जिच्यात ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्राम असतं. त्यातले अडीच मिली म्हणजे साठेक मिलिग्राम. अगदी बरोबर. तेच अडीच मिली तू छोट्या बाटलीतून दिले असते तर पोटात गेले असते २५० मिलिग्राम. चौपट. ताप उतरला नाही म्हणून सहा तासांनी पुन्हा तेवढंच, रात्री पुन्हा तेवढंच, असं दोन दिवस चाललं असतं तर लिव्हरचं काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

गंमत पाहा. नर्सबाई चुकली नाही. मेडिकलवाल्यानं अडीच म्हटलं, तेही त्याला जे सांगितलं त्याच्या हिशोबानं. तुझा नवरा तर बिचारा औषध आणायला गेला आणि औषधच घेऊन आला. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि बेरीज मात्र चूक. लेकरांच्या औषधात बहुतेक वेळा असंच होतं. कोणी राक्षस नसतो. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मधेच काहीतरी सांडतं.

मोठ्या माणसाचं सोपं असतं, एक गोळी म्हणजे एक गोळी. लेकराचा प्रत्येक डोस वजन पाहून नव्यानं काढावा लागतो, एक टिंब इकडचं तिकडं झालं की दहापट. वर हेच औषध एकाच नावानं, एकाच चित्रानं तीन तऱ्हांच्या बाटल्यांत मिळतं, कारण ५ मिलीत २५० मिलिग्रामवालं पातळ औषधही असतंच. आणि लेकरू काही सांगत नाही. मोठा माणूस निदान म्हणतो, ‘अहो, माझं ते पांढरं औषध होतं.’

म्हणून यापुढे कोणी मिली सांगितलं की दोन गोष्टी विचारायच्या: मिलिग्राम किती, आणि या माझ्या हातातल्या बाटलीतून मिली किती. फोनवर नाही, बाटली पुढे धरून. उत्तर मिळालं की बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडा लाव आणि पेनानं लिही, ‘एका वेळी इतकं, तारीख अमुक, वजन तमुक’. वजन का? दोन महिन्यांनी पोर सहा किलोची होईल आणि जुन्या पट्टीवरचं माप तिला पुरणार नाही. एका डोसनंतर दुसरा चार ते सहा तासांच्या आत नाही, आणि दिवसात चारच्या वर नाही. माप बाटलीबरोबर आलेल्या टोपणानं किंवा ड्रॉपरनं घ्यायचं. घरातला चमचा एकाचा लहान, एकाचा मोठा, आणि आपल्याकडचा पोह्याचा चमचा तर निराळाच.

लस दिल्यावर येणारा ताप बहुतेक दिवस-दोन दिवसांत उतरतो. पण ताप असताना ती दूध ओढेनाशी झाली, लुळी पडली, झटके आले, किंवा श्वास भरभर चालला, तर औषधाच्या मापाचा विचार करत बसू नको, १०८ ला फोन कर. श्वास भरभर म्हणजे किती तेही सांगते. ती शांत असताना पोटावरचं कापड बाजूला कर आणि पूर्ण एक मिनिट मोज. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, तुझ्या पोरीच्या वयाला ५० किंवा जास्त आले तर तो धोका. आणि शेजारीपाजारी कोणाचं दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, किंवा अंग गार पडलं, तर त्याला घरचं औषध नाहीच, सरळ दवाखाना.

आता त्या रात्रीच्या सुईबद्दल.

तू लिहितेस, सिस्टरनं विचारलं ‘वनिताचं बाळ ना?’ आणि तू हो म्हणालीस. खोटं कुठं होतं? बाळ वनिताचंच होतं. चूक त्या ‘ना’मध्ये आहे. आम्ही नर्सा दिवसभर हे ‘ना’ वापरतो. ‘वनिताच ना?’ ‘कालच ताप उतरला ना?’ ‘जेवण झालं ना?’ आणि दवाखान्यात बसलेलं माणूस भेदरलेलं असतं, ते प्रत्येक ‘ना’ला हो म्हणतं. मी माझ्या हाताखालच्या मुलींना शिकवायची ते उलटं: नाव तू सांगू नकोस, त्यांना सांगू दे. ‘बाळाच्या आईचं पूर्ण नाव काय?’ मग पायातल्या पट्टीवरचं नाव पाहा, कागदावरचं पाहा, तिन्ही जुळले तरच टोचायचं. नवजात बाळाला स्वतःचं नाव नसतं, हे बाहेरच्या माणसाला पटकन ध्यानात येत नाही. आमच्या रजिस्टरमध्ये ती सगळी ‘बेबी ऑफ अमुक’ असतात. एका कक्षात दोन वनिता, जुळ्यांच्या दोन पेट्या, आणि रात्रपाळीला एक सिस्टर. गोंधळ व्हायला आणखी काय पाहिजे?

तुझ्या बाजूनंही हाच डाव खेळता येतो. ‘हे माझ्याच बाळाचं ना?’ असं विचारलंस तर घाईतली सिस्टर ‘हो हो’ म्हणून मोकळी होईल. त्याऐवजी विचार, ‘हे कोणाच्या बाळाचं, सिस्टर?’ आता तिला कागद पाहावाच लागतो. आवाज चढवायचा नाही, शंका दाखवायची नाही, फक्त प्रश्न असा टाकायचा की हो-नाहीत उत्तर देता येऊ नये. तसंच ‘हे कशासाठी आहे?’, ‘आजपासून नवीन आहे का कालचंच?’. आणि हे विचारायचं ते सुई टोचायच्या आधी. टोचल्यावर विचारलं की भांडण होतं.

तुझ्या सासूबाई म्हणतात ते अगदीच खोटं नाही. चिडतात. मी चिडले आहे, म्हणून सांगते.

१९९४ सालचा पावसाळा. एका ग्रामीण रुग्णालयात माझी रात्रपाळी. हगवणीची साथ होती, खाटा कमी म्हणून व्हरांड्यात सतरंज्या टाकलेल्या, आणि लाइट गेलेली. दीड वर्षाच्या एका पोराला अँटिबायोटिकची सुई द्यायची होती. ती पावडर असते, डिस्टिल्ड वॉटर घालून विरघळवायची. ट्रेमधून काचेचं अँप्युल उचललं, मान मोडली. पोराची आजी जवळ बसली होती आणि टॉर्च तिच्याच हातात होता, माझ्या हातावर धरलेला. म्हणाली, ‘बाई, मघाच्या नळीवर निळे अक्षर व्हते. याच्यावर लाल काऊन?’

मी तिच्यावर खेकसले. ‘आजी, तुम्हाला वाचता येते का? मग गप बसा.’

ती गप बसली. पण टॉर्च तिनं हलवला नाही, उलट आणखी जवळ आणला. मला रागानंच खाली पाहावं लागलं. ते पोटॅशियम क्लोराइड होतं. हगवणीच्या लेकरांना ते लागतंच, पण सलाईनच्या बाटलीत मिसळून, सावकाश. तसंच्या तसं शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. दोन्ही अँप्युल एकाच उंचीची, एकाच ट्रेमध्ये, अंधारात. मी ते बादलीत टाकलं. माझे हात एवढे गार पडले होते की नवीन अँप्युलची मान दोनदा प्रयत्न करून मोडली. आजीला काही बोलले नाही. त्या रात्री माफी मागायला पाहिजे होती, मागितली नाही. सकाळी ड्युटी संपल्यावर चहा नेऊन दिला, एवढंच. ती म्हणाली, ‘बाई, तुमी रातभर झोपल्या नाही.’

दुसऱ्या दिवसापासून त्या वॉर्डात पोटॅशियमची अँप्युलं ट्रेमध्ये ठेवणं बंद झालं. वेगळा डबा, वर लाल पट्टी, चावी इन्चार्जकडे. हे कोणत्या परिपत्रकानं झालं नाही, एका निरक्षर बाईच्या डोळ्यानं झालं. तेव्हा सासूबाईंना सांग, त्या रात्री चिडलेली सिस्टर हे पत्र लिहिते आहे, आणि ते पोर वाचलं ते आजी गप बसली म्हणून नाही, तिनं टॉर्च जवळ आणला म्हणून.

पण इथं एक गोष्ट ठासून सांगते, नाहीतर माझ्या पत्राचा उलटा अर्थ निघेल. लेकरू सुरक्षित ठेवणं हे आईचं काम आहे, असं मी म्हणत नाहीये. आई शेवटचं फाटक आहे, पहिलं नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यांच्या आयांनी कोणता प्रश्न विचारायला पाहिजे होता? काहीच नाही. वायरिंग, धूर ओळखणारी यंत्रं, रात्रीचं मनुष्यबळ ही कामं आईची नव्हेत. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ जानेवारीला, आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात १२ लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली. काम करणारे निलंबित झाले. मला मात्र तेव्हाही आणि आजही वाटतं, की निलंबनानं बाटल्या वेगळ्या होत नाहीत. करोनाच्या दिवसांत बूथवर सॅनिटायझर आणि लस एकाच टेबलावर असणार हे उघड होतं, मग दोन टेबलं मांडायची व्यवस्था आधीच व्हायला हवी होती. चुकलेल्या बाईला घरी बसवलं की पुढची बाई चूक लपवायला शिकते, आणि लपवलेली चूक पुन्हा होते.

(पोलिओच्या कुपीवर एक छोटं वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असला तर लस चांगली, तेवढाच किंवा जास्त गडद झाला तर टाकून द्यायची. हे वाचता न येणाऱ्या माणसालाही दिसतं. बूथवर ‘कुपी दाखवता का बाई’ म्हणायला काही हरकत नाही. आमच्या आशाताया स्वतःहून दाखवतात.)

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ चा रुग्ण सुरक्षा दिन, १७ सप्टेंबरचा, नवजात बाळं आणि लेकरांच्या सुरक्षित उपचारासाठी ठेवला होता. दवाखान्यांत फलक लागले, रांगोळ्या निघाल्या. बरं झालं. पण सुरक्षा मला रांगोळीत दिसत नाही. ती मला नवजात कक्षाच्या दारातल्या बेसिनमध्ये दिसते: नळाला पाणी आहे का, साबण आहे का, आणि डॉक्टरसाहेब स्वतः हात धुऊन आत जातात का. पेटीतल्या लेकराला जंतुसंसर्ग होतो तो बऱ्याच वेळा आमच्याच हातांनी. ‘हात धुतले का?’ हे डॉक्टरला विचारणं जड जातं, मलाही जड जायचं. त्यावर माझी एक युक्ती होती. आपणच हात पुढे करायचा आणि म्हणायचं, ‘सर, मलाही थोडं सॅनिटायझर द्या ना.’ बाटली हातात घेतल्यावर माणूस आधी स्वतःच्या हातावर ओततो.

आता थोडं घरच्यांचं ऐकवते, कारण फक्त दवाखान्यालाच बोलणं बरोबर नाही. गावात डॉक्टरनं तपासून ‘औषध नको, दूध पाजत राहा’ म्हटलं की आपले लोक म्हणतात, हा काय डॉक्टर, सुईसुद्धा दिली नाही. आणि उठून दुसरीकडे जातात, जिथं पाटी कशाची आहे तेही कोणी पाहत नाही, पण सलाईन लगेच लागतं. न लागणारी प्रत्येक सुई हा एक जास्तीचा धोका आहे. नणंदेच्या पोराचं उरलेलं अँटिबायोटिक आपल्या लेकराला देणं, हाही. ते पावडरीत पाणी घालून केलेलं असतं आणि साधारण आठवडाभरच टिकतं. तुमच्या फडताळात मागच्या दिवाळीची बाटली असेल तर आजच ओतून टाक.

आणि खोकल्याचं औषध. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडे काय झालं ते तू ऐकलंच असशील. सावनेरच्या पुढे सौंसर, सौंसरच्या पुढे छिंदवाडा, ती काही दुसरी दुनिया नाही. तिथली कितीतरी लेकरं किडनी निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली. वीसहून जास्त दगावली. खोकल्याच्या पातळ औषधात डायथिलीन ग्लायकॉल निघालं, जे कारखान्यात वापरायचं रसायन आहे. त्यात कोणत्याही आईची चूक नव्हती, डॉक्टरनं दिलेलं औषध त्यांनी पाजलं. पण त्यानंतर केंद्र सरकारनं पुन्हा बजावलं, की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला सर्दी-खोकल्याचं औषध देऊच नये आणि पाच वर्षांच्या आत शक्यतो टाळावं. ही सूचना मी पंचवीस वर्षं तोंडी देत होते आणि लोक मला कंजूष समजत होते. लेकराचा साधा खोकला औषधाशिवाय बरा होतो. दूध पाज, नाक मोकळं ठेव, श्वास मोज. तुझ्या पोरीला सहा महिने तुझ्या दुधाशिवाय काही नको, ना मध, ना घुटी, ना पाणी. घुटीवरून घरात वाद होणार हे मला माहीत आहे. वाद होऊ दे.

औषध दिल्यावर लेकराला काही विपरीत झालं, अंगावर पित्त उठलं, लघवी बंद झाली, लेकरू गुंगून पडलं, तर आधी दवाखाना गाठ आणि बाटली फेकू नको, सोबत ने. मागून १८०० १८० ३०२४ या फुकट क्रमांकावर कळवता येतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद तिथं होते. आरोग्याची साधी चौकशी किंवा तक्रार असेल तर १०४. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं, तपासण्या आणि जायची-यायची गाडी फुकट आहे. त्यासाठी १०२. हे कोणाचे उपकार नाहीत, २०११ पासूनची योजना आहे. दवाखान्यात असतानाच्या कागदांची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यायची, असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. मागताना ‘तक्रार करायची आहे’ म्हणू नको. ‘पुढच्या डॉक्टरला दाखवायचे आहेत’ म्हण. खरंही तेच आहे.

सासूबाईंचं काय करायचं? त्यांच्याशी भांडू नको. त्यांच्या पिढीला दवाखान्यात कोणी बसा म्हटलं नाही, विचारलं तर हाकलून दिलं. त्यातून त्या शिकल्या की गप बसलेलं बरं. त्यांना काम दे. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की म्हण, ‘आत्याबाई, मी लेकरू धरते, तुम्ही बाटलीवर लक्ष ठेवा. कोणत्या रंगाची, किती उंच, कोणत्या वेळेला.’ वाचता येत नसलं तरी चालतं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर सुई द्यायलाही शिकवलं. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. आज तुझी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येते ना बाळ पाहायला, ती पद्धत त्याच गावांतून देशभर गेली. तेव्हा शाळा किती झाली यावर लेकराची राखण ठरत नाही, हे आपल्या विदर्भाला तरी कोणी सांगायला नको.

आशाताईचं नाव तू पत्रात एका ओळीत उरकलंस. तिला घरी बोलावून चहा पाज. तिनं त्या दिवशी फोन उचलला नसता तर?

आता शेवटची गोष्ट, जी तू विचारलीच नाहीस आणि मला पत्र वाचल्यापासून टोचते आहे. पोर आठव्या महिन्यात झाली, वजन दोन किलोच्या आत, बारा दिवस पेटीत. तिचे डोळे तपासले का?

अशा बाळांच्या डोळ्यातला पडदा पूर्ण तयार झालेला नसतो, त्यावरच्या रक्तवाहिन्या कधी कधी वेड्यावाकड्या वाढतात. ऑक्सिजन लागला असेल तर जास्तच. बाहेरून काही दिसत नाही. बाळ हसतं, टकमक पाहतं, आणि कळतं तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून दोन किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांच्या आधी झालेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासायचा असतो. थेंब टाकून पाहतात. वेळेत सापडलं तर लेझरनं नजर वाचते. सुट्टीच्या कार्डावर ‘आरओपी’ अशी तीन अक्षरं शोध, समोर तारीख आहे का पाहा. तारीख असली आणि तू गेली असलीस, तर माझं ओझं उतरलं. नसली तर उशीर झालाय, पण म्हणून सोडायचं नाही.

येत्या सोमवारी जिल्हा रुग्णालयात जा. तिथं लहान मुलांच्या तपासणीचा वेगळा विभाग असतो, तिथं सांग की पोर नवजात कक्षात होती, डोळे आणि कान दोन्ही पाहायचे आहेत. त्यांनी नागपूरला ‘मेडिकल’ला पाठवलं तर तिथं जा. (गावात ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचं दुकान, नागपुरात सरकारी मोठा दवाखाना. एका बाईला मी ‘मेडिकलला जा’ म्हटलं तर ती चौकातून डोळ्याचे थेंब घेऊन आली होती, तेव्हापासून मी पूर्ण नाव सांगते: शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.) सुट्टीचं कार्ड, लसीचं कार्ड आणि वजनाचा शेवटचा आकडा सोबत ठेव. सासूबाईंना घेऊन जा, आणि पोरीचं तोंड उन्हापासून झाकायला पांढरा दुपट्टा, कारण थेंब टाकल्यावर काही तास उजेड सोसवत नाही.

काय झालं ते मला कळव.

तुझी,
सिस्टर काकू